पाण्यात राहिलेल्या चादरी

सरकारी कचेरीत मॅडमच्या खुर्चीमागे माझ्या भावाने काढलेला फोटो होता. भिंतभर मोठा, काचेत बसवलेला. तळं, तळ्यामागे डोंगर, डोंगराच्या खांद्यावर कोवळं ऊन. वरचं आकाश धुऊन वाळत घातल्यासारखं, त्यात ढगाचा एक धागा नाही. खाली पितळी पट्टीवर भावाची सही, साल, आणि त्याचं ते ठरलेलं वाक्य : जसं दिसलं तसं.

"बसा," मॅडम म्हणाल्या.

मी बसले. पिशवी मांडीवर घेतली. पिशवीत घरातले होते नव्हते ते सगळे कागद होते आणि त्यातला एकही कामाचा नव्हता.

नोटीस अशी होती. तळ्याच्या काठाला नवी घरं बांधायची नाहीत, असा नियम अकरा वर्षांपूर्वी झाला. नियमाच्या आधीची घरं राहतील, नंतरची पाडली जातील. माझं घर नियमाच्या तीन वर्षं आधीचं. दोन खोल्या, वर पत्रा, मागे धुण्याचा ओटा. पण ते आधीचं आहे हे सांगणार कोण? वीज आली ती नियमानंतर. घराची नोंद झाली तीही नंतर. पलीकडच्या हॉटेलचा जुना मालक, ज्याच्या चादरी मी धुवायची, तो हॉटेल विकून मुलाकडे गेला आणि तिकडेच वारला. कागदाचं सगळं हे बघायचे. ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली आणि जाताना कुठला कागद कुठे ठेवलाय ते काही सांगितलं नाही. जाणाऱ्याला तेवढं सुचतं होय.

"आम्ही वरून घेतलेला नकाशासुद्धा मागवला," मॅडम म्हणाल्या. "विमानातून काढतात तो, नियम झाला त्या सालचा. सगळं तळं लख्ख दिसतंय. नेमका तुमच्या कोपऱ्यावर ढग बसलाय."

"ढगालाही तेवढीच जागा मिळाली."

"एखादा फोटो असेल ना? दारात उभं राहून काढलेला? तारीख कळेल असा?"

"आमच्या घरात फोटोग्राफर आहे," मी म्हटलं, "म्हणून आम्ही कधी फोटो काढले नाहीत. तो काढतोच आहे, मग आपण कशाला."

त्या हसल्या. "कोण फोटोग्राफर?"

मी त्यांच्या डोक्यावरून बोट दाखवलं. त्यांनी खुर्ची वळवली, सही वाचली, साल वाचलं. नियमाच्या आदल्या वर्षीचं साल होतं. "अहो, मग इतका वेळ काय करताय? दाखवा तुमचं घर. हे इथेच आहे की सगळं."

मी उठले. मोठा फोटो मी त्या दिवशी पहिल्यांदा बघत होते. भाऊ घरी देताना नेहमी दुसरे द्यायचा, धबधब्याचे, जंगलाचे. मी डोंगराच्या पायथ्यापासून बोट फिरवत आणलं, मोठ्या दगडाशी आले, दगडाच्या उजव्या हाताला थांबले. तिथे माझं घर असायला हवं होतं.

तिथे गवत होतं. हिरवं, दाट, कोणी विंचरून ठेवल्यासारखं. माझ्या दारात गवत कधीच नव्हतं. दिवसातून शंभर वेळा ओल्या बादल्या घेऊन ये-जा करणाऱ्या पायांखाली त्याला उगवायला सवड कुठली.

मॅडमनी माझं बोट बघितलं, गवत बघितलं, पट्टीवरचं साल पुन्हा बघितलं. त्यांचा आवाज उतरला. "बाई, मी अजून काही लिहिलेलं नाही. पण हे फाइलला लागलं ना, तर ते तुमच्या विरुद्ध जाईल. सोमवारपर्यंत काय ते आणा."

*

चादरींचं मला माहीत होतं. भावाने ते लपवलं नव्हतं.

सुरुवातीला तो सकाळी समोरच्या काठावर येऊन उभा राहायचा आणि हात हलवायचा. मग मी दोरीवरच्या चादरी तासभर काढून घ्यायची. ओल्या चादरी खांद्यावर टाकून दाराआड उभी राहायची, कारण मीसुद्धा फोटोत यायला नको. पीळ देताना माझ्या तोंडी काहीबाही येत असतं, तेव्हाचं एक आठवतं :

पीळ देते चादरीला, पाणी तळ्याचं तळ्यात,
भाऊ उभा पलीकडे, काळं यंत्र त्याच्या गळ्यात.

पुढे एके दिवशी तो म्हणाला, "ताई, आता नको काढत जाऊस. नंतर मी कॉम्प्युटरवर काढतो." मला बरंच वाटलं. माझा तास वाचला. म्हटलं, धाकट्याला बहिणीच्या कष्टांची जाण आहे.

*

त्याच संध्याकाळी त्याच्या स्टुडिओत गेले. तिथल्या भिंती राखाडी आहेत, रंगांना भिंतीची बाधा होऊ नये म्हणून. दोन मोठे पडदे, पाटीसारखं काहीतरी आणि त्यावर फिरवायचं पेन. भावजय मोठ्या टेबलाशी फोटो गुंडाळून नळकांड्यांत भरत होती. बाजूला निमंत्रणपत्रिकांचे गठ्ठे. पुढच्या आठवड्यात त्याच्या पंचवीस वर्षांच्या कामाचं प्रदर्शन होतं.

"ताई, तू? कळवायचंस तरी."

"कळवलं असतं तर येईपर्यंत मलाही पुसून टाकलं असतंस."

"वन्संचा पहिला टोला दारातूनच," भावजय म्हणाली. "आत या, मग दुसरा द्या."

मी खुर्ची ओढली आणि सगळं सांगितलं. नोटीस, मॅडम, ढग, गवत. तो ऐकत होता, पण डोळे पडद्यावर. पडद्यावर एक नदी होती आणि तिच्या पुलाचा अर्धा कठडा गायब होता.

"त्या वर्षीचा मूळ फोटो काढ," मी म्हटलं. "जसा कॅमेऱ्यात आला तसा."

"मूळ नसतो गं माझ्याकडे."

"नसतो म्हणजे?"

उत्तर भावजयीने दिलं. "काम पुरं झालं की कच्चं पुसून टाकतात. पहिल्यापासून. कच्चं ठेवलं की कधीतरी कोणीतरी ते बघतं."

तो वळला. "ताई, मी वाटेल ते काढत नाही. त्यालाही माझा नियम आहे. जे उद्या तिथे नसणार तेवढंच काढतो. वाऱ्याने आलेली पिशवी, विमानाची रेघ, कोणाची उभी असलेली गाडी. कायमचं आहे त्याला हात लावत नाही. डोंगर डोंगराच्या जागी, झाड झाडाच्या जागी. म्हणून तर छातीठोकपणे लिहितो ना, जसं दिसलं तसं."

"आणि घर?"

तो पुन्हा पडद्याकडे वळला.

"माझं घर तू कोणात धरलंस? पिशवीत की डोंगरात?"

"पत्रा चमकत होता गं," तो हळू म्हणाला. "बघणाऱ्याची नजर आधी तिथेच जायची. डोंगर कोणी बघितलाच नसता."

"गेली असती नजर तर काय बिघडत होतं? बहीण राहते तिथे."

त्याने पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं. त्याचे हात आईसारखे आहेत, लांब बोटांचे, कधी स्वस्थ न बसणारे. आईचाही धंदा धुण्याचाच. लोकांच्या चहाचे, शाईचे, रक्ताचे डाग काढायला मी आईकडून शिकले आणि धाकटा माझ्याकडून. टबाशेजारी उकिडवा बसून तो विचारायचा, ताई, घासू का अजून? मी म्हणायची, पुरे. डाग जायला हवा, कापड नाही. त्याला नेहमी आणखी थोडं घासायचं असायचं. एकदा एका गिऱ्हाइकाचा सदरा असाच त्याच्या हातात फाटला, आणि आईची बोलणी मी खाल्ली.

"बरं," मी म्हटलं. "काढलंस ते काढलंस. आता परत घाल."

"काय?"

"घर. गवत घातलंस तसं तिथे घर घाल. हात बसलाय तुझा."

तो खराच दचकला. चोरी करायला सांगितल्यासारखा. "असं कसं घालणार, ताई? ते खोटं होईल."

भावजयीच्या हातातली चिकटपट्टी अर्धी ओढलेली तशीच राहिली.

"काढणं वेगळं आणि घालणं वेगळं," तो समजावू लागला, शाळेत शिकवतात तसा. "सगळीकडे हेच मानतात. काढल्याने चित्र स्वच्छ होतं. जे नव्हतंच ते घातलं की मात्र बनावट."

"घर होतं रे. गवत नव्हतं. ते घातलंस ना?"

"ते घातलं नाही. भरलं. रिकामं राहिलं असतं म्हणून."

मी हसले. हसू थांबेना तेव्हा भावजयीने पाणी आणून दिलं. पाणी प्याले आणि म्हटलं, "मला काही बनावट नको. सोमवारी माझ्याबरोबर चल आणि मॅडमना सांग, इथे घर होतं, मी ते काढलं. एवढंच."

"वन्सं, पुढच्या आठवड्यात प्रदर्शन आहे," भावजय म्हणाली. "दारावर तेच वाक्य लावलंय. हातभर अक्षरांत."

"मग त्याने काय करावं म्हणतेस?"

"मी कुठे काय म्हणते. आठवण केली."

त्याने पडद्यावरची नदी बंद केली. मग म्हणाला, "येतो."

त्या संध्याकाळी मी घरी पोचले तेव्हा दोरीवरच्या चादरी वाळून हलक्या झाल्या होत्या. घड्या घालता घालता त्या जुन्या दोन ओळी तोंडात आल्या. पुढची ओळ जुळवायला घेतली आणि जुळतेय असं वाटलं.

*

सोमवारी तो आला. इस्त्रीचा सदरा, हातात लिहून आणलेला कागद. मॅडमनी तो मोठ्याने वाचला. या फोटोतल्या काठावर माझ्या बहिणीचं घर उभं होतं; चित्राला बाधा येते म्हणून मी ते काढून टाकलं. खाली सही.

मला वाटलं, झालं. पिशवीचे बंद मी आवळलेसुद्धा.

मॅडमनी कागद टेबलावर ठेवला, खुर्ची वळवून पितळी पट्टी बघितली, पुन्हा कागद बघितला. "सही तीच आहे."

"हो, माझीच."

"ही सही म्हणते, जसं दिसलं तसं. ही सही म्हणते, तसं नव्हतं." त्या बाईंच्या आवाजात कुचकेपणा नव्हता, हे मला सांगायलाच हवं. "मी कोणत्या सहीवर विश्वास ठेवायचा? पहिली केली तेव्हा तुम्हाला कोणाचं घर वाचवायचं नव्हतं."

"मॅडम, मी खरं सांगतोय."

"सांगत असाल. वर मला विचारतील, भाऊ बहिणीसाठी काय लिहून देणार नाही? मूळ फोटो द्या, आत्ता फाइल बंद करते."

"मूळ नाही."

पंखा फिरत होता. मी उठून फोटोपाशी गेले, काही शोधायला नाही, दुसरीकडे बघवेना म्हणून. दगड बघितला, गवत बघितलं, गवताखालचं पाणी बघितलं. काठाजवळ पाणी जरा थरथरलेलं होतं. आणि त्या थरथरीत पांढरे पट्टे होते. उलटे लटकलेले. एक, दोन, तीन, चार. कडेला एक आखूड.

काठावरून त्याने सगळं पुसलं होतं. पाण्यातलं राहून गेलं होतं.

"चादरी," मी म्हटलं. आवाज मलाच अनोळखी वाटला. "मॅडम, माझ्या चादरी आहेत ह्या. चार चादरी आणि एक उशीची खोळ. खोळ मी नेहमी शेवटी टाकते. बघा."

मॅडम चष्मा लावून उठल्या. भाऊही उठला. माझ्या आधी तोच काचेजवळ पोचला, डोळे बारीक करून वाकला, आणि त्याच्या तोंडून निघालं, "अरे, हे कसं राहिलं?"

त्याने खिशातून भिंग पुसायचा मऊ रुमाल काढला आणि काचेवर, नेमका त्या पट्ट्यांवर, घासू लागला.

मी बघत होते. मॅडमही बघत होत्या. तीन-चार वेळा हात फिरल्यावर त्याचं त्यालाच कळलं. रुमाल मुठीत धरून तो बाजूला झाला. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, लहानपणी सदरा फाटला तेव्हा झाल्या होत्या तशा.

मॅडम पट्ट्यांवर वाकल्या. "ढगाचं प्रतिबिंब असेल."

"वर बघा ना," मी म्हटलं. "ढग कुठाय?"

त्यांनी वर बघितलं. आकाश तसंच, धुऊन वाळत घातलेलं, त्यात एक धागा नाही. त्या पुन्हा खाली आल्या, पुन्हा वर गेल्या. मग खुर्चीत बसल्या आणि पेनाचं टोपण काढलं. मला ते टोपण निघाल्याचा आवाज अजून आठवतो.

"हे मात्र बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "वर ढग नाही तर पाण्यात कुठून येणार? हे लिहिता येईल." त्यांनी फाइल उघडली, कागद सरळ केला आणि लिहायच्या आधी, सहज म्हणून, भावाकडे बघितलं. "आकाश तरी त्याच सकाळचं आहे ना?"

एक शब्द हवा होता. 'हो' म्हणायला ओठसुद्धा नीट मिटावे लागत नाहीत. भावाने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं. त्या एका क्षणात माझ्या दोन खोल्या उभ्या होत्या, ह्यांनी एकेक दगड वाहून आणून रचलेल्या.

"नाही," तो म्हणाला. "त्या सकाळी आभाळ भरून आलं होतं. हे आकाश दुसऱ्या दिवशीचं आहे. मी बदललं."

"म्हणजे ढग होते."

"होते."

"मग पाण्यात आहेत ते ढग की चादरी?"

"मला आठवत नाही, मॅडम. खरंच आठवत नाही."

"मला आठवतंय," मी म्हटलं. "चार चादरी आणि एक खोळ."

"तुम्हाला आठवणारच, बाई," मॅडम म्हणाल्या. "घर तुमचं आहे." आणि त्यांनी टोपण लावलं.

जिन्यात तो माझ्यामागून भराभर उतरला. "ताई, थांब. मी खोटं बोलायला हवं होतं का?"

"मी असं कधी म्हटलं?"

"तुझी नजर म्हणत होती."

मी पुढच्या पायरीवर थांबले. "पंचवीस वर्षं आकाश बदलताना, माणसं पुसताना तुझं काही अडलं नाही. आज अडलं."

"आज पहिल्यांदा खरं बोललो गं मी." रुमाल अजून त्याच्या मुठीत होता. मला तेही दिसत होतं.

"बोललास," मी म्हटलं. "पण त्याला माझं घर लागलं. स्वतःचं काहीतरी घ्यायचंस."

*

त्याचं काही गेलं नाही. त्याने लिहून दिलेला कागद माझ्या फाइलला लागला आणि फाइल कपाटात गेली. ती उघडून कोण वाचणार? प्रदर्शन झालं. दारावरचं वाक्य हातभर अक्षरांत तसंच राहिलं. भावजयीचा निरोप आला, वन्सं, येऊन जा, सगळे विचारत होते. कोण विचारत होतं ते तिने सांगितलं नाही.

घर पाडायला दोन माणसं आणि एक यंत्र आलं. चहा थंड व्हायच्या आत पत्रा उतरला. भिंतींनी जरा वेळ घेतला, ह्यांचं काम होतं ते. ओटा मात्र यंत्राने एका फटक्यात उचलला. मी हॉटेलच्या मागच्या अंगाला, पाणी तापवायच्या खोलीला लागून एक खोली घेतली आहे. खोली कोरडी आहे, उबदार आहे, तक्रार करण्यासारखं काही नाही. फक्त खिडकी तळ्याकडे आहे. पलीकडच्या काठावर आता गवत उगवलंय. हिरवं, दाट. डोंगर, पाणी, दगड, गवत. तळं हुबेहूब त्याच्या फोटोसारखं दिसतं. जे उद्या नसणार तेच काढतो म्हणाला होता. नियमाचा पक्का निघाला.

परवा भावजय स्वतः येऊन एक नळकांडं देऊन गेली. "महिनाभर बसून केलाय. कोणाला दाखवला नाही," म्हणाली. "मलाही बघू दिला नाही." चहा न घेता गेली.

मी एकटीने उघडला. तोच फोटो होता. पण काठावर घर होतं. त्याने घातलं होतं. भिंती, पत्रा, दोरी, दोरीवर चादरी. खाली पट्टीच्या जागी सही होती, वाक्य नव्हतं. बिचारा, म्हटलं. एवढं म्हटलं खरं.

मग नीट बघितलं. दार त्याने तळ्याकडे काढलं होतं. माझं दार डोंगराकडे होतं, तळ्याकडे खिडकी. पत्रा निळा होता. माझा आधी नुसता पांढरा चमकायचा, मग गंजून विटकरी झाला; निळा कधीच नव्हता. चादरी पाच होत्या आणि खोळ मधेच. पंचवीस वर्षं तो समोरच्या काठावरून त्या काठाकडे बघत होता. त्यातली चौदा वर्षं मी तिथे होते. बघून बघून एवढंच बघितलं होतं त्याने. पुसायला बघावं लागत नसावं.

मी टबात कढत पाणी ओतलं. साबणाचा चुरा टाकला, हाताने फेस केला, आणि फोटो आत सोडला. कागद जरा वेळ तरंगला, मग जड होऊन खाली बसला. अर्ध्या तासाने ब्रश घेतला आणि घराच्या जागेवर घासायला लागले, कडेकडेने, डाग काढतात तसं, आधी हलक्या हाताने. मग जोर लावून. कागदाला सुरकुत्या पडल्या, डोंगराचा एक कोपरा सुटून पाण्यात गेला.

रंग पक्का होता. चुकीच्या बाजूला दार असलेलं ते घर काही केल्या जाईना.